अकरा वाक्यं आणि एक हुंकार

दुपारी अडीचच्या सुमाराला पडदेवाल्या बाईंनी गाडी कारटेपवाल्या काकांच्या दुकानासमोर लावली, तेव्हा त्यांच्या डोक्यात एका घरघरीखेरीज दुसरं काही नव्हतं. बाई लोकांच्या खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायच्या आणि स्वतः जाऊन टांगूनही द्यायच्या. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते त्यांना आपोआप कळायचं. स्वतःच्या घराबद्दल मात्र गेल्या चार महिन्यांत त्यांनी कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गेला. गाडी त्याची. त्याने तिच्या डॅशबोर्डमध्ये एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. गाणी, नकाशा सगळं त्यातच. वर हौस अशी, की गाडीच्या सूचना त्याने स्वतःच्या आवाजात भरून ठेवल्या होत्या. मोजून अकरा वाक्यं. "ताई, बेल्ट." "ताई, दिवे चालू राहिलेत." दार आपटलं, की "ताई, हळू. गाडीने काय घोडं मारलंय तुझं?"

बाई मुद्दाम दार आपटायच्या.

पण हल्ली स्पीकरमधून घरघर यायला लागली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची आणि धाकट्याचं बोलणं गिळून टाकायची. कालच "दिवे" ऐकूच आलं नव्हतं, नुसतं "ताई" आलं होतं.

काका एका कानाने जवळजवळ बहिरे. गाडीतल्या आवाजाचा धंदा आणि कान असा, म्हणून बाजारात त्यांची चेष्टा व्हायची. पण त्यांची रीतच वेगळी होती. ते स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवायचे. कुठला फाटलाय, कुठला नुसता थरथरतोय, ते हाताला बरोबर कळायचं.

"इंजिनाचा आवाज तारेतून आत घुसतोय," हात काढून ते म्हणाले. "कॉम्प्युटरचं आतलं कार्ड दुबळं आहे. बाहेरून वेगळं साउंड कार्ड जोडावं लागेल."

त्यांनी तीन कार्डं काउंटरवर मांडली. पहिलं बोटाएवढं.

"हे खेळणं आहे, घेऊ नका. मधलं घ्या. घरघर निम्म्यावर येईल."

"आणि हे?" बाईंनी तिसरं उचललं. काळं, चपटं, हाताला जड. माइकसाठी एक खाच आणि हिरवा दिवा.

"त्यात इंजिनाची वीज आणि आवाज यांची गाठच पडत नाही. मुंगी शिंकली तरी ऐकू येईल. पण बाई, मी आपला मधलंच सांगेन. थोडी घरघर असावी गाडीत. आवाज फार स्वच्छ झाला की नको ते पण ऐकू येतं."

"काका, तुम्हाला हवं तेही ऐकू येत नाही, तुम्ही कशाला सांगताय?"

काका खो खो हसले. बाईंनी काळं कार्ड घेतलं.

गाडी सुरू झाली आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, बेल्ट." अगदी शेजारी बसून बोलावा तसा. बोलण्याआधी तो श्वास घ्यायचा, तोसुद्धा ऐकू आला. बाईंनी बेल्ट काढला, लावला, पुन्हा काढला. चार वेळा त्याला बोलतं केलं.

घरी जाताना वाटेत पाण्याची टाकी लागते आणि तिथे मोठं वळण आहे. त्या दिवशी याच रस्त्याने त्या धाकट्याला दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. तो मागे आडवा होता, छातीवर हात दाबून. मागे वळून बघायची सोय नव्हती, म्हणून त्या मिनिटामिनिटाला विचारत होत्या, "जागा आहेस ना रे?" आणि मागून येत होतं, "हं." शेवटच्या सिग्नलपर्यंत आलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुम्हाला उशीर झाला, हे जाऊन अर्धा तास तरी झालाय. अर्ध्या तासापूर्वी गाडी टाकीजवळच्या वळणावर होती.

डॉक्टर चुकले असतील, असं बाईंनी मनाला समजावलं होतं. त्या समजुतीवरच चार महिने निघाले होते.

आज वळण आलं आणि जुन्या खोडीसारखं तोंडून निघून गेलं. "जागा आहेस ना रे?"

"हं."

बाईंचा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. आरशात घडी केलेले पडदे दिसत होते, बाकी काही नाही.

त्यांना भीती वाटली नाही. वाटला तो आनंद. रात्रभर तो त्यांनी उराशी धरून ठेवला, आणि सकाळी पडदे बाजूला ठेवून पुन्हा त्याच रस्त्याला लागल्या. विचारलं. "हं." पुन्हा विचारलं. "हं." दोन दिवस शिवणाचं मशीन तसंच झाकलेलं राहिलं.

तिसऱ्या दिवशी, वळणाच्या अलीकडे, धाकट्याचा आवाज आला.

"ताई, मागचा बेल्ट."

मागच्या बेल्टला त्याने तारच जोडली नव्हती. ही सूचना त्या अकरांत नव्हती.

"कोणाचा बेल्ट?" त्यांनी हळूच विचारलं.

"हं," मागून आलं.

आणि पुढच्या स्पीकरमधून, आधी तो श्वास घेऊन, अगदी घाईघाईने...

"ताई... हं म्हणणारा मी नाही."

दुकानात पोचेपर्यंत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि गाडीत शिरून कॉम्प्युटर उघडला.

"फायली अकराच आहेत, बाई."

"बारावं मी ऐकलंय."

"माइकच्या खाचेतही काही नाही. थांबा, विचारा बरं तुम्ही. मी हात लावून बघतो."

बाईंनी दारातूनच विचारलं. "जागा... आहेस ना रे?"

"हं."

काकांनी एका स्पीकरवरून दुसऱ्यावर हात फिरवला. "पुन्हा विचारा." पुन्हा आलं. चारही स्पीकर झाले. ते गोंधळले. "हे तर गप्पच आहेत. पण मला ऐकू कसं येतंय... माझ्या या कानाने?" त्यांचा हात बहिऱ्या कानाकडे गेला होता.

मग ते मागे वाकले आणि मागच्या सीटच्या पाठीवर तळवा टेकवला.

"विचारा."

बाईंनी विचारलं. उत्तर आलं, आणि काकांनी हात असा ओढून घेतला की कोपर दारावर आपटलं. ते बाहेर येऊन उभे राहिले. तळवा पँटला पुसत राहिले.

"काका, काय होतं?"

"कार्ड काढू या, बाई."

"धाकट्याचा आवाज राहू दे. दुसरं तेवढं काढा."

"ते माझ्या हातात नाही हो."

बाईंनी उघड्या दारातून मागच्या सीटकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "काढा."

काळं कार्ड निघालं, हिरवा दिवा विझला. काकांनी वायर जुन्या जागी जोडली. घरघर परत आली, आणि बाईंना ती माहेरच्या माणसासारखी वाटली. त्यांनी दार आपटलं. नुसती घरघर. बेल्ट काढला. घरघर. काकांनी अकराही फायली एकेक करून लावल्या, आपल्या फोनवर घेऊनसुद्धा लावल्या. सगळ्या होत्या तेवढ्याच लांबीच्या. आत मात्र काही नव्हतं. प्रत्येकीच्या सुरुवातीला एक श्वास, आणि पुढे शांतता.

"काल बोलत होत्या," बाई म्हणाल्या. "परवा होत्या."

काकांनी हात टेकले. "मी रिक्षा बोलावतो. गाडी इथेच राहू दे."

पण बाईंना ती तिथे सोडवेना. आवाज गेला तरी गाडी धाकट्याचीच होती. त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला लावला, स्पीकरच्या चारही तारा कापायला लावल्या, आणि चार वाजता, भर उन्हात, निघाल्या. मनाशी एकच ठरवलं होतं. वाटेत चकार शब्द काढायचा नाही. विचारलंच नाही, तर उत्तर येणार कुठून?

ओठ घट्ट मिटून त्यांनी दोन सिग्नल पार केले. टाकी दिसली. वळण आलं. मागे बेल्टचा खटका बसल्यासारखा बारीक आवाज झाला. बाईंनी आरशात पाहिलं नाही.

मग मागून, जवळून, कुणीतरी मायेने विचारलं...

"जागी आहेस ना गं?"

बाईंनी श्वास रोखून धरला. दात आवळले. काही बोलायचं नाही, काही झालं तरी नाही.

"हं."

त्यांनी म्हटलं नव्हतं. म्हटलं नाहीच. एका हाताने स्टिअरिंग धरून बाईंनी दुसरा हात, काका स्पीकरवर ठेवायचे तसा, आपल्या गळ्यावर ठेवला.

गळा तळव्याखाली थरथरत होता.