सगळ्यांच्या मागून आलेली

औषधाचं दुकान विकल्यावर व्हर्लिन हॉगस्टाड केस्लर गावी मुलीजवळ राहायला आला. बायको आधीच गेलेली. रिकामं बसवेना, म्हणून गावच्या साप्ताहिकासाठी तो शाळेच्या खेळांचे फोटो काढायला लागला. बास्केटबॉल, कुस्ती, व्हॉलीबॉल, रानामाळातून धावायची क्रॉस कंट्री. नॉर्थ डकोटातल्या त्या गावाला बातमी म्हणावी असं दुसरं काही फारसं घडत नसे.

साप्ताहिकाची मालकीण, संपादक, सगळं मोना फ्रीसनच. पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगून ठेवलं होतं, "जिंकलं कोण हे गावाला आधीच ठाऊक असतं. लोक अंक घेतात ते आपलं पोर कुठं छापलंय बघायला. तेव्हा मला चेहरे आण. तुझे ते ढग आणि सूर्यास्त घरी भिंतीला लाव."

ऑक्टोबरातला गुरुवार होता. आठवडाभर पावसाने झोडपल्यामुळे नेहमीच्या गोल्फच्या मैदानात पाणी साचलं होतं. मुलींची शर्यत गावाबाहेर, स्वेनबींच्या जुन्या कुरणात हलवली होती. तिथे कित्येक वर्षांत शर्यत झाली नाही, म्हातारी माणसं कुरकुरतील, असं मोना फोनवर म्हणाली. का, म्हणून त्याने विचारलं, तोवर तिचा दुसरा फोन वाजला.

दुपार असूनही धुकं उठलेलं नव्हतं. सुरुवातीच्या रेषेपाशी आई-बापांची गर्दी, कॉफीचे थर्मास, पायांवर ब्लँकेटं. तिथले फोटो कोणीही काढतं. व्हर्लिन चिखल तुडवत पार टोकाच्या वळणावर गेला. वारा अडवायला कुणीतरी कधीकाळी लावलेली एल्मच्या झाडांची रांग तिथे होती, निम्मीअर्धी वठलेली. तिथून ना माणसं दिसत होती, ना त्यांचा आवाज येत होता. पानांवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

पोरी दिसण्याआधी ऐकू आल्या. चिखलात पडणारी पावलं, धापा, मग धुक्यातून एकेक रंग. त्याने गुडघा टेकून कॅमेरा चालवला. धावणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेत असा क्षण गाठायचा असतो. डझनभर फोटोंच्या झपाट्यात तो एखाद-दुसऱ्यांदा गवसतो. बाकीच्यांत एक पाय चिखलात रुतलेला असतो आणि चेहरा वेडावाकडा. केस्लरच्या मुली निळ्या जर्सीत होत्या. गुडघ्यापर्यंत माखलेल्या. एकीने त्याला ओळखून जीभ दाखवली.

सगळ्यांच्या शेवटी सायकलवरून एक मास्तर आले. वाट दाखवायला खोचलेली एकेक झेंडी उपटून ते पाठीवरच्या पिशवीत टाकत होते. माझ्यामागे आता कुणी नाही, थंडीत उगाच थांबू नका, असं त्याला सांगून ते धुक्यात गेले. व्हर्लिनने लेन्सवरचं पाणी पुसलं, झाकण लावलं. तेवढ्यात पुन्हा पावलं वाजली.

एकटीची पावलं होती. घाई नाही, दमणूक नाही, एका तालात. त्याने सवयीने झाकण काढलं आणि धुक्याकडे रोखून बटण दाबून धरलं. एक मुलगी आली. सोनेरी केस मागे बांधलेले, गडद तांबडी जर्सी, छातीवर नंबराचा कागद नाही. त्याच्यासमोर येऊन ती थांबली. इतकं धावूनही छाती वरखाली होत नव्हती. थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडातून निघत नव्हती, हे त्याला नंतर आठवलं. वास मात्र तेव्हाच आला. बटाटे साठवायच्या तळघराचं दार कित्येक वर्षांनी उघडावं, तसा.

"सर, कुठून जायचं?" तिने विचारलं.

झेंड्या तर मास्तरांनी उपटून नेल्या होत्या. बिचारी मागे राहिली आणि कुणाला पत्ता नाही, या विचाराने व्हर्लिनला वाईटच वाटलं. त्याने हात केला. "या झाडांच्या कडेकडेने सरळ जा. पुढे पांढरं घर लागेल. त्याच्या पलीकडेच शेवट."

ती हलली नाही. "जाऊ?... तुम्ही सांगताय ना?"

"जा की, पोरी. सगळे वाट बघतायत."

मग ती गेली.

परतताना त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो चाळले. धुकं असूनही तिचे फोटो सुरेख आले होते. चेहरा लख्ख. पहिल्यात दोन्ही पाय हवेत होते. वा, म्हणून तो स्वतःशीच खूश झाला. दुसऱ्यातही हवेत. तिसऱ्यात, चौथ्यात... चालता चालता त्याने सगळे पाहिले, मग थांबून पहिल्यापासून पाहिले. एकाही फोटोत तिचा पाय जमिनीला लागलेला नव्हता. पांढऱ्या बुटांवर चिखलाचा शिंतोडा नव्हता. यंत्रात काही बिघाड असेल, असं त्याने मनाला समजावलं. मात्र पुढची वाट तो भराभर चालला.

शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी केस्लरची कोच आर्डिथ स्वेनबी पोरींना कोरडे कपडे देत होती. पन्नाशी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची बाई. त्याने तिला विचारलं, तांबड्या जर्सीतली मुलगी नीट पोचली ना? सगळ्या शाळांच्या मुली केव्हाच पोचल्यात आणि तांबडी जर्सी आज कुणाचीच नव्हती, असं ती म्हणाली. तांबडा रंग केस्लरचाच होता, पण दोन शाळा एक झाल्या तेव्हा गेला. तिच्या लहानपणी.

त्याने कॅमेरा पुढे केला. आर्डिथने पाहिलं आणि हातातला टॉवेल तसाच खाली पडला.

"ही लिनेट आहे," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की त्याला वाकावं लागलं. "माझी मोठी बहीण."

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. लिनेट सतरा वर्षांची होती. याच कुरणात संध्याकाळी सराव करताना अचानक बर्फाचं वादळ आलं. बाकीच्या परतल्या, ती नाही. अख्ख्या परगण्याने शोधलं. वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. बुटाची नाडीसुद्धा सापडली नाही. त्यानंतर इथे कुणी धावलं नव्हतं.

"कुठल्या बाजूला गेली?"

व्हर्लिनने सांगितलं. वाट मीच दाखवली, हेही सांगितलं. झाडांच्या कडेने, पांढऱ्या घरावरून.

"ते आमचं घर आहे," आर्डिथ म्हणाली. "आई एकटी आहे तिथं."

पोरींना दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली करून ती त्याच्या गाडीत बसली. वाटेत ती रडत होती की हसत होती, त्याला कळेना. आईने आजवर मागच्या दाराला रात्रीची कडी लावली नाही, दिवा मालवला नाही, असं ती सांगत होती. आज आली बघ, आज आली, असं मधेच पुटपुटत होती. व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे मात्र ते पाय होते. ते तिला सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

घराशी पोचले तेव्हा आत दिवा होता आणि हिल्मा स्वेनबी बाहेर होती. नव्वदीला टेकलेली म्हातारी अंगणात, विहिरीच्या झाकणावर बसली होती. अंगात घरातला पातळ स्वेटर, पायांत मोजे, तेही भिजलेले. तिचा चेहरा घराच्या दाराकडे होता.

आर्डिथ दाराकडे धावली, तसा म्हातारीने तिचा हात धरला.

"आर्डी... आत जाऊ नकोस."

"आई, ती आहे का आत?"

"दार वाजलं," हिल्मा म्हणाली. ती सावकाश, नीट आठवून बोलत होती. "बाहेरून म्हणाली, आई, येऊ का? मी म्हटलं, ये, बाळा. आल्यावर मी जर्सीच हातात धरून बघितली. खालची टीप मी घातलेली होती, माझाच धागा. आवाज तिचा. केस तिचे. मी म्हटलं, कुठं होतीस गं इतकी वर्षं? तर हसली."

आत कुठेतरी खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला, किंवा फळी वाजली असेल.

"शाळेचा फोटो आठवतो तुला? तोच पेपरात छापला होता, तोच खांबाखांबांवर लावला होता. लिनेट हसली की तिचे डोळे मिटायचे. तो फोटोवाला वैतागला होता. डोळे उघडे ठेव, मान तिरपी कर, असं दहादा सांगून त्यानं तो फोटो काढला. ती तशी कधी हसली नाही, आर्डी. आयुष्यात त्या एका वेळेला." म्हातारीने लेकीचा हात घट्ट धरला. "ही तशी हसली. मान तिरपी करून. मग मी रडले तरी तशीच. मी ओरडले तरी तशीच. हिला दुसरा चेहराच नाही."

आर्डिथने आपलं जाकीट काढून आईच्या खांद्यांवर घातलं. शेवटी व्हर्लिन आत गेला. त्याला जायचं नव्हतं, पण वाट त्यानेच दाखवली होती. स्वयंपाकघरात केटलीखाली गॅस चालू होता, तो त्याने बंद केला. तळघराचा तो वास खोल्याखोल्यांतून भरला होता. माणूस कुठे नव्हतं. लाकडांची शेगडी पेटवायला ठेवलेला साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचा गठ्ठा जमिनीवर पसरलेला होता. खेळांची पानं तेवढी वर काढलेली होती, एकाला एक लावून. मागचं दार गावाच्या बाजूला सताड उघडं होतं.

त्याच संध्याकाळी हिल्माला आर्डिथकडे हलवलं. घराला कुलूप लागलं. व्हर्लिनने कुरणातल्या त्या मुलीचे फोटो पुसून टाकले. आर्डिथने एक तरी ठेवा म्हणून विनवलं होतं, पण म्हातारीनेच नको म्हटलं. मोनाला त्याने धुक्यामुळे फोटो बरे आले नाहीत एवढंच सांगितलं. त्या आठवड्याचा अंक निघाला. त्यात नेहमीसारखे चेहरे होते, पानभर. पहिल्या पानावर व्हॉलीबॉलमधली कियर्स्टन ऑस्बी, उडी मारून चेंडूला हात घालताना, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. मोनाने त्याची पाठ थोपटली.

पुढचा शनिवार. शेजारच्या परगण्यातल्या व्हॉलीबॉलच्या सामन्यांवरून व्हर्लिन परतत होता. टीमची बस त्याच्या मागून निघाली होती. गावात शिरल्यावर तो किराणा दुकानात कॉफी घ्यायला थांबला. गल्ल्यापाशी कियर्स्टनची आई डेल्फीन ऑस्बी उभी होती, हातात पावाची पिशवी. फोटोबद्दल तिने मनापासून आभार मानले. आजीला पाठवायला जास्तीचे अंक घेऊन ठेवल्याचं सांगितलं. मग हसायला लागली.

"आता ती घरी त्याचीच नक्कल करत बसलीय. अर्ध्या तासापूर्वी दारात उभी, तोंड असं उघडं, डोळे मोठे. मी म्हटलं, नाटकं पुरे, आत ये. आली. पण चेहरा तसाच. पुरे म्हटलं तरी तसाच."

व्हर्लिनने कॉफीचा कप खाली ठेवला. दुकानाच्या काचेतून रस्ता दिसत होता. शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर वळून हळूहळू पुढे येत होती. तिच्या खिडकीतून कियर्स्टन दुकानाकडे बघून हात हलवत होती, आणि हसत होती, दमलेली, घामेजलेली.

डेल्फीनने त्याच्या नजरेबरोबर बाहेर पाहिलं. तिचाही हात सवयीने वर गेला आणि तिथेच राहिला.

"व्हर्लिन..." ती म्हणाली. "घरी धाकटी आहे तिच्याजवळ."