छत्तीस किलोंची शाळा

शाळेच्या मागच्या आवारात, कचऱ्याच्या मोठ्या पिंपात एक माणूस कमरेपर्यंत बुडाला होता.

मधल्या सुट्टीत विज्ञानाची बाई रोपांना पाणी घालायला मागे आली, तर समोर हे! वर नुसत्या दोन तंगड्या आणि धुळीनं माखलेले बूट. तिनं हातातली झारी खाली ठेवली आणि सातवीच्या वर्गासाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"अहो! बाहेर या आधी. तिथलं काही न्यायचं नाही."

"नेत नाहीये," पिंपातून घुमत उत्तर आलं. "बघतोय."

"कचऱ्यात काय बघायचं असतं?"

"तुमच्या शाळेबद्दल… सगळंच."

तो बाहेर आला. केसांत पेन्सिलीची सालपटं, एका हातात पावाचा अर्धा तुकडा, दुसऱ्या हातात चुरगळलेलं वेष्टन. एवढा अवतार झालेला माणूस इतका प्रसन्न कसा हसू शकतो, हे तिला कळेना.

"इथल्या मुलांना पावाची कड आवडत नाही," तो म्हणाला. "शिक्षक खडू फार मोडतात. आणि चित्रकलेचा तास बहुतेक सोमवारी असतो."

"सोमवारीच असतो," तिच्या तोंडून निघून गेलं. "पण तुम्ही कोण?"

"पर्यावरणस्नेही शाळा योजनेचा परीक्षक. उद्या यायचं होतं."

"मग आज कशाला आलात?"

"उद्या येणार असं कळवलं होतं ना, म्हणून. कळवून गेलं की शाळा फारच स्वच्छ असतात हो…"

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ठरवून काय होतंय? ती हसली, आणि तो केसांतली सालपटं काढायची विसरून तिच्याकडे बघत राहिला.

या योजनेवर बाईचा केवढा जीव टांगलेला होता, ते सांगायला हवं. संस्थाचालकांना मागचं आवार हवं होतं, गाड्या लावायला. डांबर ओतलं की काम झालं! पण त्याच आवारात बाईनं दोन वर्षं राबून मुलांसोबत अकरा वाफे केले होते. टोमॅटो होते, पालक होता, खताचा खड्डा होता, छपरावरचं पाणी साठवणारी टाकी होती. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, संस्थेशी भांड भांड भांडल्या आणि त्यांनी एक अट पदरात पाडून घेतली. शाळेला या योजनेची मान्यता मिळाली तर आवार राहील, नाहीतर डांबर.

मान्यतेची कसोटी साधी होती. खतात जिरत नाही आणि रद्दीतही जात नाही असा जो कचरा गाडीत भरून शाळेबाहेर जातो, त्याचं दर मंगळवारी वजन करायचं. पहिल्या मंगळवारी काटा छत्तीस किलोंवर थांबला. सहाव्या मंगळवारी तो अठराच्या आत यायला हवा होता.

"छत्तीस!" बाईचा चेहरा पडला.

"चेहरा पाडू नका. मागच्या शाळेत सत्तर होता," तो वहीत लिहीत म्हणाला. "आणि त्या शाळेत कोणी मला पिंपाबाहेर हाकललंही नव्हतं."

मुलांनी त्याला दोन दिवसांत 'काटेसर' करून टाकलं. सहावीतली दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी होती. वर्गांच्या निवडणुकीत ती कचरामंत्री झाली होती आणि ते पद ती भलतंच मनावर घ्यायची. प्रत्येक वर्गाच्या दारात उभी राहून ती हिशेब मागायची. वजन उतरू लागलं. एकतीस… सत्तावीस… चोवीस.

चौथ्या मंगळवारी वजन चालू असतानाच पावसाची सर आली. दोघं पोती ओढत पत्र्याच्या शेडखाली धावले. शेड एवढीशी. पोती कोरडी ठेवायची म्हणून दोघांना अगदी खेटून उभं राहावं लागलं. पत्र्यावर तडतड आवाज, टाकीत पडणारी धार, ओल्या मातीचा वास… आणि त्याच्या शर्टाची ओली बाही तिच्या दंडाला लागलेली. दोघांपैकी कोणीही ती बाजूला घेतली नाही.

"घरीपण सगळं मोजत असाल तुम्ही," ती समोरच्या पावसाकडे बघत म्हणाली.

"मोजतो ना. आई म्हणते, सून आली तर तिलाही आधी काट्यावर उभी करशील."

"मग? कराल?"

"नाही हो. आधी चहा विचारीन."

"आणि मग काट्यावर?"

"मग… तिनं मला उभं केलं तर मी उभा राहीन."

बाई पोत्याचं आधीच घट्ट असलेलं तोंड पुन्हा बांधू लागली. 

आणि पाचव्या मंगळवारी कमालच झाली. काटा नऊवर थांबला! त्यानं काटा परत शून्यावर आणला, पोती पुन्हा ठेवली. पुन्हा नऊच. मुलांनी शाळा डोक्यावर घेतली.

"दहा वर्षं हे काम करतोय," तो तिच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "असं कुठेच पाहिलं नाही. तुम्ही… काय बाई आहात!"

त्याचे ते डोळे मनात घेऊन बाई घरी गेली. तिचे पाय काही जमिनीवर नव्हते. आईनं दोनदा हाक मारली तरी ऐकू आलं नाही, तेव्हा आई म्हणाली, "मंगळवार आहे वाटतं आज. मंगळवारी आमच्या बाईसाहेब अशाच असतात."

शुक्रवारी मात्र घात झाला. कचरामंत्रीची वही तपासायला हवी होती. मुलगी पाणी प्यायला गेलेली, म्हणून बाईनं तिचं दप्तर उचललं. बंद तुटला आणि त्यातून भसाभस वेष्टनं, सरबताची खोकी, संपलेली पेनं बाहेर आली. बाकाखाली ढीग झाला.

"हे काय गं?"

मुलगी दारात थबकली. "साठवलंय, बाई."

"कशासाठी?"

"शाळेच्या पिंपात टाकलं तर वजनात येतं ना… म्हणून आम्ही दप्तरात ठेवतो. घरी जाताना नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत टाकतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच," मुलगी म्हणाली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "सत्तावीस झालं तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात, बाई. आम्हाला वाटलं… अजून खूश व्हाल."

बाई शाळा सुटल्यावर नाल्यापलीकडे गेली. मोकळ्या जागेत गवत होतं तिथं आता रंगीबेरंगी वेष्टनं फडफडत होती.  ती एका दगडावर मटकन बसली.

खोटं कशाला बोला, गप्प बसायचा विचार तिच्या मनात आला. एकच तर मंगळवार उरला होता! ती बोलली नाही तर आवार वाचत होतं. टोमॅटो वाचत होते. आणि 'काय बाई आहात' म्हणणारे ते डोळेही तसेच राहणार होते. बोलली तर सगळंच जाणार.  पण सोमवारी वर्गात उभं राहून ती मुलांना काय शिकवणार होती? कचरा दिसला नाही म्हणजे संपला, हे?

शनिवारी सकाळी ती त्याच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

"नऊ किलो खोटे आहेत. मुलांची चूक नाही. मी आकड्याला टाळ्या वाजवल्या, त्यांनी आकडा आणून दिला. काय लिहायचं ते लिहा."

तो उठून उभा राहिला. "हे मला सांगून उपयोग नाही."

"म्हणजे?"

"तुमची शाळा आता माझ्याकडे नाही. बुधवारीच मी वरिष्ठांना पत्र दिलं. दुसऱ्या परीक्षक येतील. माझ्यापेक्षा कडक आहेत."

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला संशय आला होता?"

"छे! मी तर त्या नऊवर भाळून गेलो होतो. तेच तर…" त्यानं टेबलावरचा कागद उगाच इकडचा तिकडे केला. "आमचा एक नियम आहे. ज्या शाळेत परीक्षकाचं कोणी जवळचं माणूस असेल, तिथलं वजन त्यानं करायचं नाही."

"आमच्या शाळेत तुमचं कोण आहे?"

 त्याचे कान लालबुंद झाले.

"कोणी नाही… अजून," तो शेवटी म्हणाला. "पण दहाचं वजन असलं की मी आठला फाटकाशी येऊन उभा राहतो. ते लिहून देणं भाग होतं."

 बाईला एका क्षणात हसूही आलं आणि डोळेही भरले. पण ही बाई साधीसुधी नव्हती. तिनं मान ताठ केली.

"वजन होईपर्यंत मी याचं उत्तर देणार नाही," ती म्हणाली. "शाळेला मान्यता मिळाली तर ती बाईमुळे मिळाली, असं कोणी म्हणता कामा नये."

"तोवर मी फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. "आणि एक सांगू? नऊ किलोंच्या बाईपेक्षा मला ही बाई जास्त आवडली."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून आधी कपाळाला हात लावला.

"तुला गप्प बसता आलं असतं."

"आलं असतं."

"बरं झालं नाही बसलीस," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला कधी नव्हे ते जवळ घेतलं.

नव्या परीक्षक जाड भिंगांच्या, मोजकं बोलणाऱ्या ताई होत्या. त्यांनी नऊवर लाल रेघ मारली. "तीन आठवडे देते. अठरा किंवा कमी. एक ग्रॅम जास्त चालणार नाही."

बाई मुलांवर रागावली नाही. पोती घेऊन ती त्यांना मोकळ्या जागेत घेऊन गेली आणि सगळ्यांनी मिळून शेवटच्या वेष्टनापर्यंत सगळं उचललं. मग तो ढीग आवारात ओतून सगळे भोवती बसले. हे येतं कुठून? निवडता निवडता कळलं, निम्मा कचरा शाळेच्याच कँटीनमधला होता.

"मला काय हौस आहे का त्या पाकिटांची?" कँटीनच्या मावशी फणकारल्या. "ताटल्यांत देईन की. पण तीनशे ताटल्या घासायच्या कोणी?"

"आम्ही!" कचरामंत्रीनं जाहीर करून टाकलं. तिच्या मंत्रिमंडळानं चमकून तिच्याकडे बघितलं, पण शब्द गेला होता. पाळ्या लागल्या. ताटल्या आल्या. वह्यांची प्लॅस्टिकची कव्हरं जाऊन वर्तमानपत्राची आली. सरबताची खोकी गेली, मावशींचं पाण्याच्या माठासारखं भलंमोठं सरबताचं पिंप आलं. काही फुटलं, काही सांडलं, सातवीनं दोनदा दांडी मारली. पण कोणी काही लपवलं नाही.

बाईचे तीन मंगळवार सुनेसुने गेले. फाटकाशी कोणी नसे. आई चिडवायची थांबली, त्यावरून तिला स्वतःचा चेहरा कसा दिसत असेल ते कळलं.

आणि तो दिवस उजाडला. सगळी शाळा आवारात उभी होती. ताईंनी पोती एकेक करून काट्यावर ठेवली. आकडा वर चढला, थरथरला, थांबला.

सतरा किलो दोनशे ग्रॅम.

टाळ्या वाजणार, एवढ्यात कचरामंत्री रांगेतून बाहेर आली. तिनं दप्तरातून एक फुटलेली पाण्याची बाटली काढली आणि काट्यावर ठेवली.

"ही माझी आहे. आज सकाळची. पिंपात टाकायची राहिली होती."

 मग सातवीतला एक लांबडा मुलगा पुढे आला, त्यानं मोडकी कंपासपेटी ठेवली. मग एक जण, मग अजून एक. खिसे उलटे झाले, दप्तरं उघडली. तीनशे… पाचशे… सातशे.  आकडा अठराकडे सरकत होता आणि बाईचं आवार तिच्या डोळ्यांदेखत जाऊ लागलं होतं. 'बास करा रे' एवढं म्हटलं असतं तरी मुलं थांबली असती. ती म्हणाली नाही. तिला वाटलं, आता डांबर पडलं तरी चालेल. अशी मुलं कुणाची आहेत? माझी आहेत!

"अजून कोणी?" ताईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी खाकरून पर्स उघडली आणि खोकल्याच्या गोळ्यांची मूठभर वेष्टनं काट्यावर ठेवली. मुलं हसली, पण श्वास रोखूनच.

ताई वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या.

"सतरा किलो नऊशे," त्या म्हणाल्या. "पास." मग जाड भिंगांमागे काहीतरी चकाकलं. "वजन काय, कुठलीही शाळा कमी करते. स्वतःहून वाढवणारी शाळा मी आज पहिल्यांदा पाहिली."

मग जो कल्ला झाला! बाई मात्र त्या गलक्यातून वाट काढत निघाली. फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून तो बाहेर उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"झालं?" त्यानं विचारलं. 

"झालं."

"किती…?"

"ते नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी उत्तर ऐका. होय."

तो गजांमागे तसाच उभा. मग अख्खा चेहरा उजळला, कानांसकट. तिनं कडी काढली, फाटक उघडलं आणि सगळ्या शाळेदेखत त्याचा हात धरून त्याला आत आणलं.

मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या. "काटेसर? आता कसली तपासणी राहिली?"

"तपासणीला नाही आले, मोठ्या बाई," ती म्हणाली, सातवीच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "हे माझे आहेत. माझ्यासाठी आलेत."