भुऱ्या मेंढ्याच्या लेकी

धनजच्या वळणावर सुकेशनीची स्कूटी मेंढ्यांच्या कळपात अडकली, तेव्हा पलीकडून आवाज आला, "हॉर्न नका वाजवू मॅडम, बिचकतात त्या!"

काठीला टेकून वीरेंद्र हसत होता, आणि रस्ता काही देत नव्हता. बघा आता!

"मले मेंढ्याच पाह्याच्या हायेत," ती म्हणाली. "दूध मोजाले आली मी."

"मेंढीचं दूध? कायले? ते तं कोकरायचं रायते."

मंगरूळपीरची ही पोरगी मेंढ्यांवरच्या संशोधन प्रकल्पात कामाला होती. ज्या मेंढ्याच्या लेकी जास्त दूध देतील, तोच पैदाशीला गावोगाव न्यायचा. वीरेंद्र बघतच राहिला. त्यांच्यात मेंढा निवडायचे ते शिंगं आणि छाती बघून.

"मेंढा काय दूध देते का?"

"देत नाई. पन त्याच्या मायचा गुन त्याच्या लेकींत उतरते."

"म्हंजे माया मायचा सभाव माया पोरीत उतरन?"

"आंधी बायको तं मिळू द्या!" ती बोलून गेली आणि... अगबाई! कानशिलं तापली तिची.

मग दर आठवड्याला ती येऊ लागली. नियम एकच — आदल्या संध्याकाळी सहाला कोकरं वेगळी बांधायची, म्हणजे ती दूध पिणार नाहीत, आणि सकाळी सहाला धार काढायची. बांधायचं काम वीरेंद्रचं, धार त्याची आई गोमतीबाई काढायची, वजन सुकेशनी करायची. वीरेंद्रच्या भुऱ्या मेंढ्याच्या आठ लेकी इतरांच्या दीडपट दूध देत होत्या! भुऱ्या निवडला गेला तर काम तीन वर्षं धनजलाच चालणार होतं. तिला नोकरीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर ते वळण आलं की तिचा जीव नुसता हरखून जायचा.

दोन महिन्यांनी आकडे पाठवायचा दिवस उजाडला. वीरेंद्र सकाळपासून नजर चुकवत होता.

"काहून, काय झालं?"

"भुऱ्याच्या लेकींची कोकरं... मी दुपारी दोनलेच बांधत होतो." त्याची मान खाली. "आकडा मोठा आला का तुमी एवढ्या खुश होत होत्या... मले राहवलंच नाई."

ती ताडकन उठली. "लोक हाच मेंढा नेतीन, त्याच्या लेकी मोठ्या होयेपर्यंत वाट पाहतीन, अन् दूध नाई निघालं तं? त्यायनं कोनाले विचारायचं?"

"म्हनूनच सांगून राह्यलो."

तिला रडू कोसळलं. असा राग आला होता त्याचा! पण डोळे पुसता पुसता तिला वाटलं, हा गप्प बसला असता तर याचा मेंढा निवडला गेला असता, तीन वर्षं मी येत राहिले असते. एवढं सगळं हातचं घालवून यानं खरं सांगितलं. तिनं तिथूनच प्रकल्पाच्या सरांना फोन लावला आणि आठही मेंढ्यांचे आकडे रद्द करायला सांगितले.

पुढचा महिनाभर मोजणीच्या आदल्या दिवशी ती गोमतीबाईकडे मुक्कामाला राहिली. सहाच्या ठोक्याला कोकरं स्वतः बांधली. शेवटच्या सकाळी बेरीज केली, तर भुऱ्याच्या लेकी इतरांसारख्याच.

"नाई निवडला जानार?"

"नाई."

"मंग तुमचं येनं..."

"कामाचं बंद." तिनं वही मिटली. तिनं नजर काही वळवली नाही. "तुयासाठी येईन — आयतवारी, सुट्टीच्या दिवशी. तुया मायले सांगून ठेव."