शेवटच्या इंचातली तान

माझ्या मैत्रिणीने, रुपालीने, मला ओढत नेलं नसतं तर त्या रविवारी मी घरी लोळत पडले असते. खोताच्या वाडीत, एका लाकडी घराच्या ओसरीवर जुन्या रेकॉर्डींची देवघेव होती. वर नाताळचे कागदी कंदील डुलत होते, लोक पिशव्या भरभरून आले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याच्यामागे उभा राहून एक उंच, चष्मेवाला मुलगा येईल त्याची रेकॉर्ड लावून दाखवत होता.

माझी नजर त्याच्यावर गेलीच नाही. खरंच सांगते. ती गेली प्लेअरच्या आर्मवर. सुई धरून रेकॉर्डवर फिरतो ना, तो लांब दांडा. त्याच्या टोकावर चिकटपट्टीने रुपयाचं नाणं चिकटवलेलं!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नाणं." तो हसला. "सुई उडते ना मध्येच, म्हणून. बाबांपासूनची पद्धत आहे आमची."

"पावणेचार ग्रॅम."

"काय?"

"ह्या नाण्याचं वजन. आणि ह्या सुईला लागतो पावणेदोन ग्रॅम भार. उरलेल्या वजनाने तुम्ही रेकॉर्ड खरवडताय."

त्याने चष्मा वर केला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. "नाण्यांची वजनं पाठ असतात तुम्हाला?"

"नोकरीच आहे माझी. परळला एका लॅबमध्ये तराजू तपासते मी. सोनारांचे, औषध कंपन्यांचे. तराजू खरं बोलतोय की खोटं, ते लिहून द्यायचं."

"आणि माणसं?"

"माणसांचं सर्टिफिकेट देत नाही आम्ही."

रुपालीने मला कोपराने ढोसलं. मी दुर्लक्ष केलं... तेवढ्यात चालू असलेल्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं सुरू झालं आणि माझे दातच आंबले. गाणारीचा आवाज भोंग्यासारखा फाटत होता. प्रत्येक 'स' फटाक्यासारखा फुटत होता.

"शेवटचं गाणं असंच वाजतं नेहमी," तो म्हणाला. "जुन्या रेकॉर्डी ना."

"सगळ्या रेकॉर्डी शेवटीच कशा जुन्या होतील?" मी म्हटलं. "तुमची सुई तिरकी बसवलीय. कडेला वर्तुळ मोठं असतं, तिथे खपून जातं. मध्याकडे येताना वर्तुळ लहान लहान होतं, वळणं आखडतात. तिथे तिरकी सुई वळू शकत नाही, मग आवाज फाटतो. गाणाऱ्याचा दोष नाही, सुईचा आहे."

त्याचं हसू एकदम मावळलं. त्याने रेकॉर्ड बंद केली.

"परत सांगा," तो हळूच म्हणाला. "आवाज फाटलेला नसतानाही... फाटलेला ऐकू येतो?"

त्याचं नाव विहंग त्रिलोकेकर. घर दोन गल्ल्या सोडून. ओसरीच्या पायरीवर बसून त्याने मला जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातलं लिंबू सरबत कोमट झालं.

त्याची सुनंदाआत्या गायची. बावीस वर्षांची असताना तिचा बागेश्री एका स्टुडिओने ध्वनिमुद्रित केला. नमुन्याची म्हणून एकच रेकॉर्ड घरी आली. ती ऐकायला गुरुजी आले, शेजारी आले, पेढे आले. शेवटाला तार सप्तकातली लांब तान होती. त्या तानेला आवाज चरचरला, फाटला. गुरुजी नुसते जमिनीकडे बघत राहिले. आत्याने स्टुडिओला 'रेकॉर्ड काढू नका' म्हणून कळवलं. पुढे शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि गाणं... सत्तेचाळीस वर्षं झाली, गुणगुणतसुद्धा नाही.

"त्या दिवशी ती वाजवली कशावर?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

त्याने टेबलावरच्या प्लेअरकडे बोट केलं. "ह्याच्यावर. तेव्हा कोरा होता. बाबांनीच बसवला होता."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "पुढच्या रविवारी येते मी. सामान घेऊन."

"आत्याला सांगायचं नाही पण. सरप्राइज—"

"सांगायचं," मी म्हटलं. "आवाज त्यांचा आहे. आणि समजा, तान खरंच फाटलेली असली तर?"

 त्याने मान डोलावली. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

त्या आठवड्यात त्याने मला रोज मेसेज केला. सोमवारी विचारलं, सुई पुसायला काय वापरू. मंगळवारी विचारलं, टेबल हलतंय तर चालेल का. बुधवारी नुसतंच विचारलं, जेवलीस का. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

रविवारी अकराला मी त्यांच्या दारात उभी. सुनंदाआत्यांनीच दार उघडलं. बारीक, ताठ, खादीची साडी.

"तूच का ती तराजूवाली?" त्या म्हणाल्या. "विहंगने सांगितलंय सगळं. मशीन दुरुस्त कर हवं तर. माझी रेकॉर्ड मात्र मागायची नाही. मेलेलं मांजर उकरून काय करायचंय?"

विहंगने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरं. मशीनच करते." आणि खाली बसले.

आधी ते नाणं काढलं. मग आर्मच्या मागच्या वजनाची चकती फिरवत फिरवत आर्म असा तोलला की तो हवेत तरंगत राहिला, ना वर ना खाली. विहंग श्वास रोखून बघत होता.

"फुंकर मारू नकोस हं," मी म्हटलं.

"मारत नाहीये. श्वासच अडकलाय."

"आर्म बघून?"

"...आर्म बघून."

छोट्या काट्यावर सुई टेकवली. दीड... एक पॉइंट सात... पावणेदोन. मग बिकट काम. सुई ज्यात बसते तो डबा दोन कणाएवढ्या स्क्रूंनी धरलेला असतो. ते सैल करून, आखलेल्या कागदावर सुई दोन ठिकाणी रेषेशी समांतर यायला हवी. एका ठिकाणी जमली की दुसऱ्या ठिकाणी चुकायची. केसभर पुढे, केसभर मागे. आत्या खुर्चीत पेपर वाचत होत्या, पण पानच उलटत नव्हत्या.

"टॉर्च जरा खाली धर," मी म्हटलं. सुईखाली चिमुकला आरसा ठेवला. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे. मी वाकले, तोही वाकला. आरशात सुई होती, तिचं प्रतिबिंब होतं, आणि कडेला त्याचा डोळा. तो सुईकडे बघत नव्हता.

"विहंग, टॉर्च हलतोय."

"माहितीये."

माझे कान तापले. नशीब, हात थरथरला नाही; पगार त्याचाच मिळतो मला.

दीड वाजता एक सिनेमाची रेकॉर्ड लावली, थेट शेवटचं गाणं. आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा! 'स' नुसता 'स'. विहंगने माझा हात धरून दाबला, मग दचकून सोडला. आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो. मागे पेपर खाली पडल्याचा आवाज झाला.

आत्या उठून आत गेल्या. कपाटाचं दार करकरलं. बाहेर आल्या तेव्हा हातात एक पिवळं पडलेलं पाकीट होतं.

"लाव," त्या म्हणाल्या. "आवाज फाटलेला निघाला तरी बघू. रडायचं वय गेलं माझं."

 मी सुई टेकवली.

तानपुरा. मग एक मुलगी गायला लागली. कोवळी, निर्धास्त, मींड अशी अलगद घेणारी... ही समोर ताठ बसलेली बाई? मी आत्यांकडे बघूच शकले नाही. मी सुईकडे बघत होते. ती आत, आणखी आत सरकत होती. मधल्या कागदापर्यंत एक इंच उरला. तान सुरू झाली. वर चढली. विहंगची बोटं माझ्या बोटांत होती आणि ती कुणी कुणाच्यात गुंफली होती, देव जाणे. तान आणखी वर गेली. तार षड्ज, गंधार, मध्यम, तिथे जरा थांबली... आणि चांदीच्या तारेसारखी अखंड खाली आली. समेवर!

खोलीत फक्त सुईची खरखर राहिली.

 आत्या एकाएकी मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "अगो बाई! बरोबर होती की मी!"

आणि त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, पदराने नाकसुद्धा. "दादाने मेल्याने वाकडी बसवली! आणि गुरुजी... त्यांना काय कळणार बिचाऱ्यांना यंत्रातलं. पोरी, परत लाव. नाही, थांब, आधी मी दादरच्या कमलाबाईला फोन करते. तानपुऱ्यावर तीच होती. तिला फोनवर ऐकवते!"

त्यांनी ती रेकॉर्ड सलग तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा त्या तानेबरोबर त्यांचे ओठ हलले. आवाज निघाला तो घोगरा, गंजलेला, पण सुरात होता. विहंग तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पाच वाजता तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. दोन बस गेल्या. मी चढले नाही, त्याने विचारलं नाही.

"दुर्गा," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. म्हणजे... आठवडाभर ठरवतोय. कदाचित तुला वाटेल की आज आत्यामुळे मी भारावून... तसं नाहीये. किंवा थोडं तसंही आहे. पण—"

"विहंग."

"अं?"

"मी अंदाजाने कधी बोलत नाही, ठाऊक आहे ना? एकच माप तीनदा घेते, मगच लिहून देते." मी सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मला तू आवडतोस. रोज तपासलं. रोज तेच आलं."

 त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की स्टॉपवरच्या दोन बायकाही बघायला लागल्या. "मला पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "तू मला रेकॉर्ड खरवडणारा म्हणालीस तेव्हापासून."

नेमका माझा फोन वाजला. लालबागहून आई. ती बोलते मालवणीत, आणि हळू बोलता येत नाही तिला. स्पीकर लावायची गरजच नसते.

"दुर्गा, खंय आसस गो? जेवाक येतलंस मा?"

मी विहंगकडे पाहिलं. श्वास घेतला. "येतेय आई. आणि... एक जण येतोय बरोबर."

पलीकडे डाव खाली ठेवल्याचा आवाज. मग— "कोण तो? खंयचो?"

"गिरगावचा."

  विहंगने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मासे खाता मा?" आईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधीच तो फोनवर वाकला आणि सगळ्या बसस्टॉपला ऐकू जाईल असा ओरडला, "खातो! काट्यांसकट!"