सगळे थ्रेड एकदम थांबवा

शमिका डबा खाऊन परतली, तर तिच्या खुर्चीत कुणीतरी परका बसलेला. मिरजोळ्याच्या आमरस कारखान्यातला तो कोपरा, ते टेबल, तो कॉम्प्युटर... गेले तीन महिने सगळं तिचं होतं. टाक्या आणि झडपा चालवणारा प्रोग्रॅम तिनेच उभा केला होता, आणि आठवडाभर तो मधूनच गोठत होता.

परका उठून उभा राहिला. गंधार, कारखान्याच्या मुंबईच्या ऑफिसातला. प्रोग्रॅम मध्येच थांबवून तपासणारा डीबगर लावून पाहिला, दोष तापमान वाचणाऱ्या भागात आहे, म्हणजे तिच्याच कोडमध्ये — आणि मालक राजाभाऊंना तसं सांगूनही झालंय, असं तो शांतपणे म्हणाला.

शमिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन आंब्याच्या हंगामात काम हातचं जायची पाळी! तिने स्क्रीन आपल्याकडे वळवली. प्रोग्रॅममध्ये तीन थ्रेड, म्हणजे कामाचे तीन धागे, एकाच वेळी चालत: एक तापमान वाचणारा, दुसरा झडपा उघडणारा, तिसरा मुंबईला नोंदी पाठवणारा, तो तेवढा मुंबईहून लिहून आलेला. गंधारने डीबगर असा लावला होता, की एक थांबला तरी बाकीचे दोन धावतच राहायचे.

"एकाला धरलंत आणि बाकीचे निसटू दिलेत," ती म्हणाली. "जो हाती लागला, आळ त्याच्यावर. ही कुठली रीत?"

त्याने नुसती खुर्ची सरकवून दिली.

तिने सेटिंग बदललं. आता एक थांबला, की तिन्ही जागच्या जागी थांबणार. पुढे जाताना ती सांगेल तोच एक पाऊल टाकणार. चार वाजता प्रोग्रॅम पुन्हा गोठला, आणि खरं काय ते दिसलं. नोंदींचा थ्रेड तिघांच्या सामाईक माहितीला कुलूप लावून मुंबईच्या उत्तराची वाट बघत बसला होता. नेट गेलेलं, बाकीचे दोघे कुलपाबाहेर खोळंबलेले.

"मुंबईत नेट जात नसेल. इथे जातं. कुणी लिहिलंय हे?"

त्याचे कान लाल झाले. "मी."

तो उठला आणि थेट राजाभाऊंकडे गेला. सगळ्या कामगारांसमोर आपली चूक सांगून आला. शमिकाला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच जास्त राग आला.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. खांद्याला खांदा लावून बसायचं, त्याने हळूच चहा पुढे करायचा, तिने न बघता घ्यायचा. त्याच्या पावलांचा आवाज ओळखू येऊ लागला, तेव्हा ती स्वतःवरही चिडली.

शेवटच्या संध्याकाळी दोघं भाट्याच्या पुलावर उभी होती. खाडीचा वारा तिची ओढणी उडवत होता.

"पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं..." तो अडखळला. "तुम्ही आवडता मला. फार."

शमिका भडकलीच. "आणि आज सांगतोस? उद्या तुझी मुंबईची गाडी आहे! आठ दिवस काय करत होतास?"

"'होतास' म्हणालात तुम्ही."

"म्हणाले." तिचा चेहरा तापला होता, तरी तिने नजर काढून घेतली नाही. "उद्याची गाडी रद्द कर आधी. बाकीचं मग बोलू."