रंगराव खांबावर होता

हसायचं तर हसा, पण अकरम माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस आहे, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. वडनेर भोलजीच्या शिवारात त्याचं तीन एकर रान. दोन हजार तेवीसचा डिसेंबर, अकरा तारीख. शेतीची लाईट रात्री बाराला यायची, म्हणून हा हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. मोटर काही चालेना. एकच्या सुमाराला बॅटरी घेऊन तो डीपीकडे, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरकडे निघाला.

डीपीचा दांडा खाली पाडलेला, म्हणजे लाईन बंद. आणि पन्नास पावलांवर, खांबावर चढून तार जोडत बसलेला रंगराव.

हा रंगराव कोण, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी याच खांबावर अकरमचा धाकटा भाऊ आसिफ दांडा पाडून तार जोडायला चढला होता. रंगरावाला ते पक्कं ठाऊक होतं. तरी आपल्या पाण्याला अर्धा तास उशीर होतो म्हणून त्या हलकटानं दांडा वर केला. आसिफ तारेलाच चिकटून राहिला. "मले वाटलं, उतरला असन," एवढं बोलून रंगराव सुटला.

अकरमनं बॅटरी विझवली. दांड्यावर हात ठेवला.

"कोण हाय बे तिथं?"

अकरम नुसता खाकरला.

"अकरम?... दांड्याले हात नको लावू, बापा. लेकरं हायेत मले."

"आसिफलेबी होते."

आणि त्यानं दांडा वर रेटला. खरंच रेटला. बोटभर सरकला... मग अडला.

मनगटावर कुणाचा तरी हात होता. गार. खाली दाबणारा.

अकरमनं दुसरा हात लावला. पाय रोवले. दांडा हलेना. जळक्या केसांचा वास आला. मागे वळून पाहिलं... कुणी नाही.

मग कानाशी... अगदी हळू, घरात बोलावं तसं...

"बहुत जलता है, भाई."

...

रंगराव उतरला तो थेट अकरमच्या पायावर पडला. "मारू शकत होता तू, सोडून देलं मले! देवमाणूस हायेस." सकाळी गावभर तेच. जो तो अकरमच्या मोठ्या मनाचं कौतुक करतो. दर ईदला रंगराव मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहतो, आणि अकरमला तो हसून घ्यावा लागतो. याहून वाईट शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

मनगट त्यानं मला एकदाच दाखवलं, यंदाच्या उन्हाळ्यात. चार बोटांचे काळे वळ, कातडी भाजलेली. हात तर गार होता, असं तो शपथेवर सांगतो.

मी बोट लावून पाहिलं. वळ अजून गरम होते.