उजवीकडची जागा

मासिकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढताना माणूस मधोमध उभा करायचा नसतो. मथळे छापायला एक बाजू मोकळी ठेवावी लागते. नवशिक्यांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटते. मला विचाराल तर फोटोचा अर्धा जीव तिथेच असतो.

त्या दिवशी माझी धाकटी बहीण मॉडेल होती. ती याआधी नकार पचवून आली होती आणि हे मुखपृष्ठ हुकलं तर हा नाद सोडणार होती. "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं," आईने मला बजावलं होतं.

मागे पांढराशुभ्र कागद, तिच्या अंगात काळाभोर कोट. बस्स. काळ्यापांढऱ्याचा विरोध नीट साधला की तिसऱ्या रंगावाचून काही अडत नाही. ती उभी राहणार त्या जागी मी जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला आणि चौकटीची उजवी बाजू मोकळी सोडली.

पहिले काही फोटो झकास आले. मग स्क्रीनवर बघते तर बाईसाहेब डावीकडे सरकलेल्या.

"फुली सोडू नकोस गं."

"फुलीवरच आहे, ताई. कॅमेराच हलला असेल."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी चिडवलं. पण तिच्या दोन्ही टाचा खरंच फुलीवर होत्या. तिपाईही जागची हलली नव्हती. पुढच्या फोटोत ती आणखी सरकली होती. खांदा चौकटीच्या कडेला टेकलेला, मोकळ्या बाजूचा हात अंगाशी आवळलेला, गर्दीत अंग चोरून उभं राहावं तसा.

मेकअपवाली माझ्या मागे येऊन स्क्रीनकडे बघत राहिली. "ही कुणाला जागा करून देतेय?"

"मथळ्यांना," मी हसून म्हटलं.

ती हसली नाही. ब्रश आवरायला गेली.

उजवीकडच्या पांढऱ्यात फिकट करडं काहीतरी मलाही दिसत होतं. दिव्याची सावली असणार. असल्या डागांवर माझा उपाय ठरलेला आहे, कॉन्ट्रास्ट वाढवायचा. काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं, मधलं सगळं गायब. या वेळी तो फारच वाढवावा लागला. शेवटी कागद कोरा करकरीत झाला. त्यातल्या त्यात बरा फोटो मासिकाला पाठवला आणि बहिणीला घेऊन घरी आले.

संध्याकाळी मासिकाच्या मांडणीकाराचा फोन आला.

"फोटो छान आहे. पण उजवीकडे जागा सोडायला सांगितलं होतं ना? मथळे कुठे टाकू?"

मी फोटो उघडला. उजवी बाजू पांढरीफटक होती.

"अख्खी बाजू मोकळी आहे की."

त्याने विचारलं, "मोकळी?"

आईचे शब्द आठवले. फोन तसाच टाकून बाहेरच्या खोलीत गेले.

बहीण लांबलचक सोफ्यावर एकटी बसली होती. अगदी टोकाला, एक हात अंगाशी आवळून.

"मधे सरक ना," मी म्हटलं.

तिने मान वळवली नाही. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "कुठे सरकू, ताई? जागा कुठेय?"